जरा उजळ करा

समस्त सोलापूरकरांना, आणि त्यातही ज्यांच्या घरात यंदा एखादी तसबीर भिंतीवर चढणार आहे अशा कुटुंबांना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येत आहे की, मेल्यावर माणूस गोरा होत नाही. माझ्या माहितीप्रमाणे याला आजवर एकही अपवाद घडलेला नाही. वर गेल्यावर रंग उजळून मिळायची सोय असती, तर आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरी लग्न ठरायच्या आधीच निघून गेल्या असत्या. सदर निवेदन मी पूर्ण शुद्धीत, ब्रश खाली ठेवून आणि दात आवळून करत आहे.

मी माणसांची चित्रं काढते. तैलरंगात, कॅनव्हासवर, हाताने. घराची पुढची खोली हेच माझं दुकान. गिऱ्हाईक उंबऱ्यात उभं राहून आधी खोलीभर नजर फिरवतं आणि मला विचारतं, "पेंटर कुठायत?" मी म्हणते, "मीच." मग ते जरा थांबतं, समजूतदारपणे हसतं आणि म्हणतं, "तसं नाही ओ, चित्रं काढणारे?" हा दुसरा प्रश्न विचारणाऱ्यांचे चेहरे मी डोक्यात साठवून ठेवले आहेत. एक दिवस सगळे एकाच कॅनव्हासवर काढणार आहे, आणि कुणालाच उजळ करणार नाही.

आता माझं शिक्षण. ऐकून घ्या, लांबत नाही. कला महाविद्यालयात मी आयुष्यात एकदाच गेले, तेही तिथल्या भिंतींना चुना मारायला गेलेल्या मामाचा डबा पोचवायला. आमचं घर विणकरांचं. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि भांडणात दोन्ही. नान्ना, म्हणजे माझे वडील, चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायचे. चौकटी आखलेल्या मोठ्या कागदावर मोर, कमळ, वेलबुट्टी असं एकेक घर रंगवून भरायचं, आणि त्याबरहुकूम पुढे मागावर चादर विणली जायची. घरं भरायला मी त्यांच्या शेजारी बसायची. एकदा मला मोराचा फार कंटाळा आला, म्हणून मी त्याला कारखान्याच्या मालकाचं नाक लावलं. मालकाचं नाक म्हणजे चेहऱ्यावरची स्वतंत्र वसाहत होती. नान्नांनी कागद उजेडात धरला, माझ्या पाठीत धपाटा घातला, आणि मग भिंतीकडे तोंड करून इतका वेळ खांदे हलवत राहिले की मला वाटलं, रडतायत. रडत नव्हते. माझं पहिलं व्यक्तिचित्र ते, आणि पहिली दादही तीच.

चेहरे शिकले ते गल्लीत विड्या वळत बसलेल्या बायकांकडून. मान खाली, हात चालू, आणि तोंड हातापेक्षा चालू. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका जागी बसणारं दुसरं कोण मिळणार होतं मला? मी वहीच्या मागच्या पानांवर त्यांना काढायची आणि त्या विड्यांची पानं कापता कापता परीक्षण करायच्या.

"माझं नाक एवढं आहे का गं?"

"नाकाचं सोड. तुझं तोंड मिटलेलं काढलंय पोरीनं. हे तिनं कधी बघितलं?"

या परीक्षणाने मी घडले. नाक-डोळे मापून जमतात. पण तोंड मिटताना माणूस आत काय गिळतो ते कळलं नाही, तर ते चित्र नव्हे, आधार कार्ड.

आणि मग मला माझ्या आयुष्यभराच्या संतापाची नळी सापडली. नळी म्हणजे खरोखरची, रंगाची. पहिल्यांदा तैलरंग घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने कातडीचा रंग म्हणून जी नळी हातात ठेवली, तिच्यातून निघाला गुलाबी. फिक्का, दुधाळ, नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळासारखा गुलाबी. मी तो मनगटावर लावून बघितला. मी स्वतः काळी. सावळी नव्हे, सावळी हा शब्द लग्नं जमवणाऱ्यांनी शोधून काढला. त्या गुलाबी पट्ट्याने माझं मनगट भाजल्यासारखं दिसायला लागलं. मी विचारलं, "ही कुणाची कातडी?" दुकानदार म्हणाला, "मॅडम, कंपनीची."

सोलापुरात उन्हाळ्यात भर दुपारी बाहेर पडून दाखवा आणि मग सांगा, हा कुणाचा रंग आहे! ती नळी मी घेतली नाही. विटकरी, गडद निळा, शेवाळी, किंचित तांबडा असं घोळत घोळत मी आमच्या लोकांचा रंग स्वतः जमवला, आणि एक गोष्ट मला कुणी न सांगता कळली. काळ्या माणसाला काढायला काळा रंग लागतच नाही. काळ्या कातडीवर ऊन येऊन बसतं. गालफडावर, कपाळाच्या टोकावर, खालच्या ओठावर ते घर करून राहतं. ते ऊन काढायचं. रंग आपोआप होतो.

हे सगळं मी गिऱ्हाइकाला समजावून सांगते. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि म्हणतं, "बरोबर आहे मॅडम. फक्त जरा उजळ करा."

तर असाच एक म्हातारा एका सकाळी मोहोळकडच्या त्याच्या गावाहून एसटीने माझ्या दुकानात आला. धोतर, टोपी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. "पेंटर कुठायत" असं त्याने विचारलं नाही. सरळ माझ्यासमोर बसला आणि पिशवीतून बायकोचं आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं. बायको जाऊन काही महिने झाले होते. पोरगा सोलापुरात मोठ्या बंगल्यात राहतो, वर्षश्राद्ध तिथेच करणार आहे, त्याला तसबीर पाहिजे, असं त्याने सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तसबीर पोराला पायजे ते हायच. पर मला येगळीच अडचण हाय. ताई, मला तिचं तोंड आटवंना झालंय."

"म्हणजे?"

"डोळं मिटलं की आवाज येतो. बांगड्या वाजल्याल्या येत्यात. तोंड येत न्हाय. पयल्यांदा पुसट व्हतं, आता तेवडंबी न्हाय. आनि ह्ये कारड बघितलं की जे हाय तेबी जातंय."

कार्डावरची बाई पोलिसांना हवी असल्यासारखी दिसत होती. त्यात त्या बाईंचा दोष नाही. त्या कॅमेऱ्यासमोर कुणीही बसलं तरी गुन्हा कबूल केल्यासारखंच येतं. दुसरा फोटो एका लग्नातला होता, पण त्यात बाईंचं अर्धं तोंड आहेराच्या ताटामागे गेलेलं.

माझी काम करायची एक पद्धत आहे. माणूस दिसायला कसा होता, हे मी कधी विचारत नाही. त्यावर सगळे एकच सांगतात: लई मायाळू, देवमाणूस, कुणाला कधी उलटून बोलली नाही. असल्या माणसाला चेहराच नसतो. मी भांडण विचारते. मी म्हटलं, "आबा, तुमच्यावर सगळ्यात जास्त कधी चिडल्या होत्या?"

म्हातारा खुर्चीत सरसावून बसला. इतका आनंद त्याला मघापासून झाला नव्हता.

"बाजारातनं शेळी आनली एकदा. दुधाची म्हनून आनली. घरी येऊन बघतोय तर शेळी म्हातारी. दात बी न्हाईत धड. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतीया. पर काय बोलली न्हाय बगा. आदी माझ्याकडं बघितलं. मग शेळीकडं बघितलं. मग परत माझ्याकडं. आनि म्हनली, जोडी बरी जमली की दोगांची."

"म्हणताना तोंड कसं झालं?"

त्याने करून दाखवलं. एक भुवई खाली, खालचा ओठ दातांखाली धरलेला, आणि ओठाच्या कोपऱ्यात असं हसू, की ज्याला बाहेर यायची परवानगी नाही. सत्तरीपलीकडच्या त्या सुरकुतल्या म्हाताऱ्याच्या तोंडावर एक बाई लख्ख येऊन गेली. मी टुणकन उडी मारली. खोटं नाही सांगत, खरंच मारली. टर्पेंटाइनची बाटली आडवी झाली. "थांबा! परत करा! शेळी परत आणा!"

त्यानंतर तो येत राहिला आणि मी काढत राहिले. गोंदणाची जागा त्याने स्वतःच्या कपाळावर बोट टेकवून दाखवली: भुवयांच्या मधोमध हिरवी चंद्रकोर, खाली ठिपका, आणि हनुवटीवर एक ठिपका. बाई अहेवपणी गेलेली, म्हणून कुंकू रुपयाएवढं. मिश्री लावून लावून ओठांच्या कडा काळवंडलेल्या. आणि रंग? रंग शेतातला. रानात काम करून, चुलीसमोर बसून, ऊन अंगावर घेऊन झालेला. असा रंग नळीत मिळत नाही, आणि तो मिळवायला त्या बाईला सगळा जन्म लागला होता.

डोळे मी सगळ्यात शेवटी काढते. ते झाले त्या दिवशी म्हातारा आला, तेव्हा तळहातावर तंबाखू घेऊन मळत होता. चित्रासमोर उभा राहिला. हात हळूच मागे नेला आणि तंबाखू पटकन खिशात सारली.

एवढं मोठं प्रशस्तिपत्रक मला कुणी दिलेलं नाही. मी आत जाऊन स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

दुसऱ्या दिवशी चित्र न्यायला पोरगा आला, बायकोला घेऊन. माणूस सभ्य, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात दोन फोन. चित्राकडे बघून त्याने दोन्ही फोन खिशात टाकले, आणि मला वाटलं, जमलं. मग तो म्हणाला, "मॅडम, काम एक नंबर आहे. फक्त आईला जरा उजळ करा."

"त्या उजळ होत्या का?"

"तसं नाही. पण आता फोटोत काय जातंय? आणि हे कपाळावरचे डाग काढा."

"डाग नाहीत. गोंदण आहे."

"तेच ते. आणि तोंडावर राग दिसतोय थोडा. हसरी करा. पैठणी नेसवा, गळ्यात भरगच्च काहीतरी घाला."

"पैठणी नेसायच्या त्या?"

"नव्हती नेसत. म्हणून तर आता नेसवायची! पोरांनी काही केलं नाही, असं म्हणायला नको कुणी."

सूनबाईंनी खरी अडचण मांडली. "ताई, कसंय, आम्ही हॉलला क्रीम कलर दिलाय. त्याच्यावर ह्या फार डार्क दिसतील."

मी म्हटलं, "मग हॉल काळा करा."

माझा संताप तिथे जो सुरू झाला, तो अजून उतरलेला नाही. म्हणजे ही बाई जन्मभर उन्हात राबली, त्या राबण्यातून यांचा बंगला उभा राहिला, आणि बंगला उभा राहिल्यावर आता ती भिंतीला शोभत नाही! जिवंतपणी तिला कुणी म्हटलं नाही, आई, सावलीत बस. मेल्यावर मात्र सावलीतली करून मागतात. मी त्या दोघांना हे सगळं ऐकवलं. चढ्या आवाजात ऐकवलं, हातवारे करून ऐकवलं. माझ्या हातातल्या ब्रशमुळे पोराच्या पांढऱ्या सदऱ्यावर शेवाळी ठिपके उडाले, त्याचं मला आजही समाधान आहे. शेवटी मी जाहीर केलं, "एक ठिपका हलणार नाही. पाहिजे तर न्या, नाहीतर मी माझ्या भिंतीवर लावते."

पोरगा एकदम नरमला. "राहू द्या, राहू द्या. आहे तसं द्या."

मी जिंकले, असं मी दिवसभर सगळ्यांना सांगत सुटले. नवऱ्याला दोनदा सांगितलं. नवरा म्हणाला, "इतक्या लवकर नरमला म्हणजे काहीतरी गडबड आहे." मी त्याला आकसखोर म्हटलं.

गडबड मला चौकात दिसली. स्कूटीवरून भाजीला निघाले होते. वर बघते तर भलामोठा फलक: "प्रथम वर्षश्राद्ध." आणि खाली एक बाई. गोरी. गोरी म्हणजे त्या कंपनीच्या नळीतून सरळ पिळून काढलेली. कपाळ कोरं, हनुवटी कोरी, ओठ गुलाबी, भुवया कोरलेल्या, अंगावर पैठणी, आणि ओठांवर टूथपेस्टच्या जाहिरातीतलं हसू. पण मान तीच. पदराची घडी तीच. मी गाडी बाजूला घेतली. माझंच चित्र होतं ते. मोबाइलवर फोटो काढून, कुठल्याशा अॅपमध्ये घालून, बाईला धुऊन, घासून, सोलून काढली होती. अॅपने बाईच्या ओळखीच्या सगळ्या खुणा डाग समजून पुसल्या होत्या. आणि उजव्या कोपऱ्यात, खाली, ठळक, स्वच्छ, अजिबात न पुसलेली अशी एकच गोष्ट शिल्लक होती: माझी सही.

मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी त्याच्यावर ओरडले, "ही बाई मी काढलेली नाही!" तो म्हणाला, "मी कुटं म्हनलो ताई? गाडी काडा."

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सही तरी नीट आलीय ना?" या माणसाबरोबर मी संसार केला आहे.

श्राद्धाचं आमंत्रण मला होतंच. मी जायचं ठरवलं. भाषण तयार केलं, आरशासमोर म्हणून बघितलं. सगळ्या पाहुण्यांसमोर उभं राहायचं, त्या पोराला दोन्ही फोनसकट लाज वाटेल असं बोलायचं आणि माझी सही तिथल्या तिथे खरवडून काढायची. त्यासाठी मी पर्समध्ये रंग खरवडायची पाती ठेवली होती. नवऱ्याने ती बघितली आणि मुकाट्याने माझ्याबरोबर यायला निघाला.

बंगल्यापुढे मांडव होता. आत कीर्तन चाललं होतं, माणसं दाटीने बसली होती, आणि समोर चौरंगावर झेंडूच्या माळांमध्ये ती गोरी बाई, सोनेरी चौकटीत, फलकावर होती तशीच. मी आत शिरले आणि सूनबाईंनी मोठ्याने सांगितलं, "ह्याच त्या. ह्यांनीच काढलंय."

मग जे झालं त्याची मी तयारी केलेली नव्हती. लोक कौतुक करायला लागले. एका बाईने माझे दोन्ही हात हातात घेतले. "काय जिवंत काढलंय ओ! आता बोलतील असं वाटतंय!" दुसरी म्हणाली, "किती सात्त्विक दिसतायत!" एक गृहस्थ म्हणाले, "आमच्या आईचं पण असंच करून द्या. मूळच्या जरा डार्क आहेत, पण तुमचा हात चांगला आहे." मी तोंड उघडायची आणि नवी स्तुती येऊन तोंडावर आदळायची. शिव्या खाऊन माझा आवाज कधी बसला नाही. स्तुतीने बसला.

मी सूनबाईंना कोपऱ्यात गाठलं. "खरं चित्र कुठंय?"

"आतल्या खोलीत आहे ताई, कपाटामागं, चादरीत गुंडाळून. फेकलं नाही काही!"

"आणि आबांनी हे बघितलंय?"

"कालच आणलं त्यांना गावाकडनं. अजून दाखवलं नाही. म्हटलं, एकदम हार घालतानाच बघू दे. सरप्राइज!"

माझ्या डोक्यात रक्त चढलं. माझी सही गेली खड्ड्यात. त्या म्हाताऱ्याने कितीतरी महिने डोळे मिटून जे शोधलं, ते माझ्या दुकानात त्याला सापडलं होतं, आणि इथे त्याच्यापासून हातभर अंतरावर ते चादरीत गुंडाळून ठेवलं होतं; आणि आता त्याला हे धुतलेलं भांडं दाखवून सांगणार होते, ही तुझी बायको. त्याचा विश्वास बसला असता तर? त्याने हळूहळू हाच चेहरा लक्षात धरला असता तर? मी पुढे घुसले. माणसांच्या मांड्या-गुडघे तुडवत, पर्समध्ये हात घालून, भाषणाचं पहिलं वाक्य ओठांवर घेऊन निघाले. नवऱ्याने मागून पदर धरला.

पण तेवढ्यात फुलांची वेळ झाली. कीर्तन थांबलं. सगळे फुलांच्या पाकळ्या हातात घेऊन उभे राहिले, आणि मी गर्दीत पाचरीसारखी अडकले. पोरगा म्हाताऱ्याला दंडाला धरून घेऊन आला. नवं धोतर, नवी टोपी, हातात गुलाबाचा जाड हार. कीर्तनकार बुवा म्हणाले, "घाला आबा. आईसाहेबांना हार घाला."

म्हाताऱ्याने हार उचलला. चौकटीकडे बघितलं. हात तसेच वर राहिले. मग तो वाकून चौकटीच्या मागे बघायला लागला, दुसरं काही ठेवलंय का म्हणून. मागे मांडवाचं कापड होतं. परत पुढे बघितलं. पोरगा त्याच्या कानात कुजबुजला, "घाला ना आबा, लोक थांबलेत."

म्हाताऱ्याने वर धरलेला हार झटकन पाठीमागे घेतला, चार पावलं मागे सरला, आणि कानाने कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असा ओरडला:

"ह्या वयात परक्या बाईच्या गळ्यात माळ घालू व्हय रे? तुजी आय कुटं ठिवलीस, ती आन आदी भाईर!"